वजन कमी करायचं ऑपरेशन करावं की नाही, गावात राहून कसं ठरवायचं

ताईचं वजन आम्ही शेवटी बियाणं मोजायच्या काट्यावर केलं. घरचा काटा कधी ९४ दाखवायचा कधी १०१, आणि ताई त्यातला कमी आकडा खरा मानायची. दुकानाच्या काट्यावर ९८ आलं. तिथून नागपूरच्या ऑपरेशनपर्यंत आठ महिने गेले, त्यातले सात नुसते ठरवण्यात. गावात विचारायचं कोणाला हाच प्रश्न, एक म्हणे "काहून पोट कापून घेता बाप्पा, सकाळी गरम पाणी प्या", दुसरा म्हणे "करून टाका, दोन दिवसात सुट्टी होते". मी डॉक्टर नाही, आर्णी तालुक्यात कृषी केंद्र चालवतो, पण ताईच्या प्रत्येक चकरेला सोबत मीच होतो, म्हणून आम्ही काय काय केलं, आणि काय आधी करायला पाहिजे होतं, ते क्रमाने लिहितोय.

१. आधी आकडा काढा

वजन किलोमध्ये, उंची मीटरमध्ये. उंचीला उंचीनेच गुणा आणि वजनाला त्या आकड्याने भागा. ताई १.५२ मीटर, १.५२ गुणिले १.५२ म्हणजे २.३१, आणि ९८ ला त्याने भागलं की ४२.४. हाच बीएमआय.

आता हा आकडा कुठे बसतो ते बघा. १९९१ पासून अमेरिकेत ठरलेला नियम होता की ४० च्या वर असेल तर ऑपरेशन, किंवा ३५ च्या वर आणि सोबत शुगर, बीपी, झोपेत श्वास अडकणं असं काही असेल तर. २०२२ मध्ये या ऑपरेशनवाल्या सर्जन लोकांच्या दोन मोठ्या संघटनांनी तो खाली आणला, ३५ च्या वर असेल तर आजार असो नसो, आणि शुगर असेल तर ३० पासून. आपल्याकडे हातपाय बारीक आणि पोट पुढे अशी माणसं जास्त, कमी वजनातच शुगर लागते, म्हणून आशियाई लोकांसाठी आकडे अजून खाली धरतात. भारतात बरेच सर्जन त्या जुन्या ४० आणि ३५ मधून अडीच-अडीच कमी करून ३७.५, आणि सोबत आजार असेल तर ३२.५ धरून चालतात.

आकड्यात बसलात म्हणजे करायलाच पाहिजे असं नाही हां. माझा स्वतःचा ३३ आहे, बीपीची गोळी चालू आहे, म्हणजे कागदावर मी पण बसतो. मी का नाही केलं ते पुढे सांगतो.

२. वजन कशामुळे वाढलं ते तपासा

हे काम नागपूरला जायच्या आधी तालुक्याला होतं. थायरॉईड, शुगरची तीन महिन्यांची सरासरी म्हणजे एचबीएवनसी, हिमोग्लोबिन, बी ट्वेल्व्ह, व्हिटॅमिन डी. आणि एक गोष्ट जी कोणी विचारत नाही, गुडघेदुखीच्या पुड्या. ज्या पुडीवर नाव नाही, घेतली की दोन तासात मोकळं वाटतं आणि तोंड सुजल्यासारखं गोल होत जातं, तिच्यात स्टेरॉईड असू शकतं आणि त्याने वजन वाढतं. अशी पुडी वर्षानुवर्षं चालू असेल तर डॉक्टरला सांगा, आणि एकदम बंद करू नका, स्टेरॉईड अचानक सोडणं पण धोक्याचं असतं.

विदर्भातल्या माणसाने अजून एक तपासणी करावीच, सिकलसेल. आपल्या भागात तो बराच आहे, आणि कित्येकांना आपण वाहक आहोत हे लग्नाची बोलणी होईपर्यंत माहीत नसतं. सिकलसेलच्या पेशंटला भूल देताना ऑक्सिजन आणि अंगातलं पाणी कमी पडून चालत नाही, म्हणून भूलतज्ज्ञाला आधी माहीत असलेलं बरं. सरकारी दवाखान्यात होते ही तपासणी.

३. आधी काय काय करून पाहिलं ते खरं खरं लिहा

वहीत. कधी, किती महिने, किती किलो गेले, किती परत आले. ताईची यादी अशी होती: एका वेळी फक्त भाजी (दोन महिने, ४ किलो, परत आले), पावडरचा डबा (६ हजार रुपये, काही नाही), पहाटे फिरणं (गुडघ्यामुळे बंद). ही वही सर्जनने पहिल्याच भेटीत वाचली, आणि विमा असेल तर कंपनी पण विचारते की आधी बाकी उपाय केले का.

आता इंजेक्शनं पण आलीत, सेमाग्लुटाईड, टिर्झेपेटाईड, आठवड्यातून एकदा घ्यायची. २०२५ पासून वजनासाठीची ही दोन्ही भारतात मिळतात. चांगला गुण येतो, पण बंद केली की बऱ्याच जणांचं वजन परत येतं आणि दर महिन्याचा खर्च शेतीच्या पैशात बसवणं सोपं नाही. तरी ज्यांचा आकडा ३०-३५ च्या मधे आहे त्यांनी ऑपरेशनआधी याबद्दल डॉक्टरला जरूर विचारावं.

४. कोणतं ऑपरेशन, ते समजून घ्या

नावं बरीच ऐकाल, पण मुख्य दोन. स्लीव्हमध्ये जठराचा जवळपास ७५ ते ८० टक्के भाग कापून बाहेर काढतात, उरते केळ्यासारखी बारीक नळी. तो भाग परत बसवता येत नाही. भुकेचा एक हार्मोन मुख्यतः त्याच कापलेल्या भागात तयार होतो म्हणून भूकही कमी लागते. बायपासमध्ये जठराची छोटीशी पिशवी वेगळी करतात आणि आतडं खालून उचलून तिला जोडतात, म्हणजे अन्न थोडा रस्ता सोडून पुढे जातं. शुगर जुनी असेल किंवा ॲसिडिटी फार असेल तर बरेच सर्जन बायपासकडे झुकतात, कारण स्लीव्हनंतर ॲसिडिटी वाढू शकते. ताईला शुगर नऊ वर्षांची, रात्री घशात आंबट पाणी, तिचा बायपास ठरला. दोन्ही दुर्बिणीने होतात, दोन-तीन दिवस ॲडमिट राहावं लागतं.

धोका किती ते तोंडाने विचारा. चांगल्या अनुभवी ठिकाणी मृत्यूचं प्रमाण हजारात एक ते तीनच्या आसपास सांगतात, शिवण गळण्याचं, म्हणजे आतल्या टाक्यांतून पोटात झिरपण्याचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास. आणि फायदा? स्वीडनमध्ये १९८७ पासून ऑपरेशन केलेले दोन हजार आणि न केलेले दोन हजार लोक वर्षानुवर्षं तपासले, त्यात केलेल्यांमध्ये मृत्यू कमी निघाले. शुगर बऱ्याच जणांची सुटते, पण जितकी जुनी तितकी सुटायला कठीण.

५. पंधरा दिवस रंगीत तालीम करा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच, आणि एकही डॉक्टर आम्हाला हे म्हणाला नाही, आम्हीच काढलं. ऑपरेशन नागपूरला तीन दिवसात उरकते, पण त्यानंतरचं सगळं आपल्या चुलीपाशी होतं, मग ते आपल्या घरात चालतं का ते आधीच करून पाहायचं. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरला विचारूनच करा, खाणं एकदम कमी केलं की शुगर खाली पडते.

तालीम अशी. जेवण छोट्या वाटीत, एक वाटी संपवायला वीस मिनिटं, घास अगदी बारीक होईपर्यंत चावायचा. जेवताना पाणी नाही आणि जेवल्यावर अर्धा तास पण नाही, मग दिवसभर घोट घोट करून दीड लिटर पूर्ण करायचं. साखरेचा चहा बंद, कारण बायपासनंतर गोड एकदम पोटात गेलं की घाम सुटतो, छाती धडधडते, चक्कर येते, जुलाब लागतात, डंपिंग म्हणतात त्याला. आपली पुरणपोळी म्हणजे पोळीपेक्षा पुरण जास्त आणि वरून तुपाची धार, तिचा फक्त वास घ्यायचा.

पहिल्या दिवशी ताईची वाटी सात मिनिटात संपली. ती मोबाईलकडे बघत बसली की वीस कधी होतात. नवव्या दिवशी जमलं, पण त्याच आठवड्यात शेजारी बारसं निघालं आणि पंगतीत वाढणाऱ्या बायांनी "घे ना वं, एवढ्यानं काय होते" करून तीन वेळा वाढलं. तिथे आम्हाला कळलं की अडचण ताईच्या भुकेची कमी आणि आग्रहाची जास्त आहे.

तालमीतच प्रोटीनचा हिशोब करा, ऑपरेशननंतर दिवसाला कमीत कमी ६० ग्रॅम लागतं. अंड्यात ६, पाव लिटर दुधात ८, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, वाटीभर घट्ट वरणात ६-७. भाकर आणि भाताने हा आकडा भरत नाही. गंमत म्हणजे आपण आयुष्यभर सोयाबीन पेरतो आणि विकून टाकतो, घरात खात कोणी नाही, सुक्या सोयावड्यांच्या १०० ग्रॅममध्ये ५० च्या वर प्रोटीन असतं. माळकरी घर असेल तर हा हिशोब आधीच जुळवून बघा, कारण अंडं-मटण नसलं की बी ट्वेल्व्ह पण आधीपासूनच कमी असू शकतं.

आणि खर्रा. तंबाखू चालू असेल तर बायपासच्या जोडावर अल्सर होऊ शकतो, जखम नीट भरत नाही, सर्जन काही आठवडे आधीपासून कायमचा सोडायला सांगतात. मी ताईसोबत तालीम केली, वाटी जमली, पाणी जमलं, खर्रा चौथ्या दिवशी परत तोंडात. माझं ऑपरेशन तिथेच रद्द झालं. दारूचं पण तसंच आहे, बायपासनंतर ती लवकर आणि जास्त चढते, आणि आधी न पिणाऱ्यांनाही नंतर सवय लागल्याचं दिसलंय.

६. पैसा, आणि फक्त ऑपरेशनचा नाही

खाजगी हॉस्पिटलात अडीच-तीन लाखापासून वर धरून चला. आरोग्य विम्याचा नियम सर्जनच्या आकड्यापेक्षा कडक आहे: वय १८ च्या वर, बीएमआय ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत हृदयाचा आजार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास किंवा आटोक्यात न येणारी शुगर. नवीन पॉलिसीला थांबायचा काळ असतो, म्हणून आज विमा काढून उद्या ऑपरेशन असं होत नाही. महात्मा फुले योजनेत तुमची केस बसते का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा, दलालाला नाही.

पुढचा खर्च लोक धरतच नाहीत. लोह, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी, बी ट्वेल्व्ह आयुष्यभर. पहिल्या वर्षी तीन-चार वेळा तपासणी, मग दरवर्षी. आमच्याकडून नागपूर म्हणजे जाऊन-येऊन अख्खा दिवस, सोबत एक माणूस, त्याची मजुरी बुडाली ती वेगळीच. हे सगळं एका पानावर लिहा आणि त्याखाली घरातल्या कर्त्या माणसाचा होकार घ्या. एका शिबिरात आम्हाला "आज बुक केलं तर २० हजार कमी" म्हणाले होते, आम्ही चहा पिऊन निघून आलो.

७. सर्जनला हे विचाराच

तुम्ही स्वतः अशी किती ऑपरेशनं केलीत, वर्षाला किती करता. काही बिघडलं तर रात्री फोन कोण उचलणार. आहारतज्ज्ञ मराठीत बोलते का आणि तिला ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी माहीत आहे का, का ओट्स आणि ब्रोकोलीचाच कागद देणार. दुसऱ्या सर्जनचं मत घेतलं तर चालेल का असंही विचारा, चेहऱ्यावरून बरंच कळतं.

ऑपरेशन लग्नाच्या मुलीचं किंवा नव्या सुनेचं असेल तर हेही विचारा: ऑपरेशननंतर साधारण दीड वर्ष दिवस जाऊ देत नाहीत, आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळीवर भरवसा ठेवता येत नाही.

८. तारीख कधीची घ्यायची

उन्हाळ्यात नाही. आपल्याकडे ४५ अंशाच्या वर पारा जातो आणि नवीन पोटात एका वेळी तांब्याभर पाणी जात नाही, पहिले काही आठवडे घोट घोटच प्यावं लागतं, त्यात लाईट गेली की अंगातलं पाणी कमी पडायला वेळ लागत नाही. जूनमध्ये पेरणी. ऑपरेशननंतर महिना-दीड महिना वजन उचलायचं नसतं, म्हणजे कापसाचं गाठोडं नाही, पाण्याचा हंडा पण नाही. ताईने नोव्हेंबरची तारीख घेतली, वेचणी जावेने आणि मजुरांनी केली, त्यावरून घरात जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.

९. "हो" असेल तर गावात आधी तयारी करा

कोणत्या वेळी वाट न पाहता निघायचं ते घरातल्या दोन माणसांना पाठ पाहिजे. पहिल्या काही आठवड्यात ताप, नाडी फार जोरात, पोटात किंवा खांद्यात दुखणं, थांबत नाही अशी उलटी, की १०८ ला फोन आणि सर्जनला फोन. उलटी बरेच दिवस चालली तर व्हिटॅमिन बी वन कमी पडून मेंदूवर, नसांवर परिणाम होतो, म्हणून "पित्त असन" म्हणून बसू नका. बायपासवाल्याला वर्षा-दोन वर्षांनी पण आतड्याला पीळ पडून अचानक दुखू शकतं, आणि गावातल्या डॉक्टरला ऑपरेशनची माहिती नसेल तर तो गॅसचं इंजेक्शन देऊन घरी पाठवतो.

गावातल्या मेडिकलवाल्यालाही सांगून ठेवा. आम्ही नाही सांगितलं. सातव्या महिन्यात ताईचा गुडघा धरला, तिने नेहमीसारखी दर्दची गोळी मागितली, त्याने दिली, पाच दिवसात पोटात आग. नागपूरला दुर्बिणीने पाहिलं तर जोडावर अल्सर. बायपासवाल्याला आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक असल्या गोळ्या चालत नाहीत, पॅरासिटामॉल चालते.

केस गळतात तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, नंतर येतात. कातडी लोंबते, ती मात्र जात नाही. पित्ताशयात खडे होऊ शकतात. लोक आधी "बिमार आहे का" विचारतात, मग "कोणत्या डॉक्टरकडे केलं".

दीड वर्ष झालं, ताई ७१ वर आहे. मधे ६९ झाली होती, दोन किलो परत आले. इन्सुलिन सुटलं, एक गोळी राहिली. डिस्चार्ज कार्ड तिने फोटोकॉपी करून घडी घातली आणि मोबाईलच्या कव्हरमध्ये मागून ठेवलं, पुढे स्क्रीनवर गजानन महाराज आहेत.