हिरोशिमातल्या झाडाची नोंद कशी करावी

झाडापाशी गेल्यावर आधी पाटी वाचा. अणुबॉम्बमधून वाचलेल्या झाडांवर जात आणि स्फोटकेंद्रापासूनचं अंतर लिहिलेलं असतं. किल्ल्याच्या आवारातल्या निलगिरीचं ७४० मीटर. मग होकायंत्र काढून केंद्र कुठल्या दिशेला पडतं ते वहीत टिपा. दिशा नसेल तर फोटोंचा ढीग माझ्या मते कुचकामी. खोडाचे फोटो चारही बाजूंनी, एकाच उंचीवरून घ्या, शेजारी मोजपट्टी धरून. केंद्राकडच्या बाजूला साल गेलेली, खोड पोकळ, कडेची नवी साल आत वळलेली दिसते का, ते बघा. झुकाव ओळंब्याने मोजा.

शांतता उद्यानातली अओगिरी (चिनी पॅरासोल जातीचं झाड) मात्र फसवते. ती मुळात १.३ किलोमीटरवर होती, १९७३ साली इथे आणून लावली. तिथे आजची दिशा धरू नका, मूळ जागेची धरा.

आणि प्रत्येक व्रण बॉम्बच्या नावावर खपवू नका. सप्टेंबर १९४५ मध्येच तिथे मोठं चक्रीवादळ आलं होतं, शिवाय छाटणी आहेच. शंका असेल तिथे सरळ ‘कारण अनिश्चित’ लिहा. पेन्सिलीने, कारण पावसात शाई पसरते.