किल्लीशिवाय कुलूप उघडायला शिकायचंय? आधी किल्ली बघा

हे मुद्दाम सुरुवातीलाच लिहितेय कारण मला कोणी सांगितलं नव्हतं आणि माझे दोन महिने त्यात गेले. आमच्या घरी, इंदूरला रामबागेत, सासऱ्यांची एक लोखंडी पेटी आहे, तिच्यात पंधरा-वीस जुनी कुलपं, निम्म्यांच्या किल्ल्या कधीच्या हरवलेल्या. त्यातलंच एक जाडजूड कुलूप घेऊन मी बसले, व्हिडिओ बघून बघून आत टोचत राहिले आणि काहीच होईना. नंतर कळलं की मी शिकत होते पिनच्या कुलपाचं आणि हातात होतं लिव्हरचं, म्हणजे ज्यात पिनांऐवजी चपट्या पट्ट्या असतात ते. दोघांचं आतलं काम पूर्ण वेगळं असतं.

ओळखायचं किल्लीवरून. पिनच्या कुलपाची किल्ली चपटी, एका कडेला करवतीसारखे चढ-उताराचे दाते, आणि अंगावर लांबच्या लांब खाचा. लिव्हरची किल्ली बऱ्याचदा गोल दांडीची, टोकाला झेंड्यासारखं छोटं पातं आणि त्याला चौकोनी पायऱ्या पाडलेल्या. आपल्याकडे अलीगढची कुलपं घरोघरी असतात आणि त्यातली कितीतरी लिव्हरची, कुलपावरच ‘६ लिव्हर’, ‘७ लिव्हर’ असं कोरलेलं असतं. ती आत्ता बाजूला ठेवा. वाईट नाहीत, उलट फार चांगली आहेत, पण त्यांची हत्यारं वेगळी आणि पद्धत वेगळी, पहिल्या वर्षी त्यांच्या नादी लागू नका.

मी शेवटी सियागंजात जाऊन एक पितळी कुलूप आणलं, चाळीस मिलिमीटरचं. दुकानदाराला सरळ विचारलं, “भैया, पिनवाला है ना, लिव्हर तो नहीं?” त्याने तीन-चार काढून समोर ठेवले, मी किल्ल्या बघितल्या. किल्लीवरचे खळगे मोजा, जितके खळगे तितक्या पिना. चार असतील तर उत्तम, तीन असतील तर अजून सोपं, पाच-सहावाले नंतर. आणि खळग्यांच्या खोलीत फार फरक नसेल असंच घ्या, एक खूप खोल आणि शेजारचा एकदम उथळ असेल तर त्या दोन पिनांमधून हत्यार नेताना नवीन माणसाचा जीव जातो.

आता नियम. हा छंद करणारे जगभर दोनच पाळतात आणि दोन्ही मनापासून पाळायचे. एक, कुलूप स्वतःचं हवं, किंवा ज्याचं आहे त्याने स्वतः हातात आणून दिलेलं. दोन, जे कुलूप वापरात आहे त्याला हात लावायचा नाही, मग ते स्वतःचं का असेना. दुसरा नियम लोकांना उगाचचा वाटतो, मलाही वाटला होता. जुलैत गच्चीच्या दाराचं कुलूप सहज म्हणून करून बघितलं, हत्याराचं टोक आतच तुटलं, किल्ली अर्ध्याच्या पुढे जाईना, गच्चीवर सगळ्या घराचे वाळत घातलेले कपडे आणि वरून पाऊस सुरू. चावीवाल्याला बोलावून कुलूप कापायला लागलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत पण दुसऱ्या दिवशी ते कापलेलं कुलूप त्यांनी माझ्या टेबलावर आणून ठेवलं, ते अजून तिथेच आहे. तेव्हापासून सरावाची कुलपं वेगळ्या डब्यात.

आणि एक, आपल्याला हे येतं हे कळलं की शेजारपाजारचे बोलावतात, “जरा उघडून दे ना”. मी जात नाही, चावीवाल्याचा नंबर देते. घर कोणाचं, सामान कोणाचं, भाडेकरू कोण, हे आपल्याला ठरवता येत नाही. हत्यारंसुद्धा घरीच ठेवा, पर्समध्ये किंवा गाडीच्या डिकीत घेऊन रात्री फिरायची गरज नाही, पोलिसांनी विचारलं तर छंद आहे हे रस्त्यावर समजावत बसणं अवघड आहे.

आतमध्ये काय असतं ते एकदा नीट डोळ्यासमोर आणा, मग बाकी सगळं सोपं आहे. किल्ली जिथे जाते तो आतला गोल भाग फिरतो, त्याला प्लग म्हणतात. प्लगमध्ये वरून ओळीने भोकं, प्रत्येक भोकात एकावर एक दोन पिना आणि त्यांच्यावर स्प्रिंग. किल्ली नसताना वरच्या पिना अर्ध्या प्लगमध्ये अर्ध्या बाहेर अशा अडकून असतात म्हणून प्लग फिरत नाही. बरोबर किल्ली घातली की प्रत्येक जोडीचा सांधा बरोब्बर प्लगच्या कडेच्या रेषेवर येतो आणि प्लग फिरतो. लाकडी पिनांची अशी कुलपं फार प्राचीन काळापासून होती, पण आज आपण वापरतो ते छोटं, चपट्या किल्लीचं रूप अमेरिकेतल्या लायनस येल ज्युनियरने दिलं, त्याची पेटंटं १८६१ आणि १८६५ ची.

मग किल्लीशिवाय ते उघडतं कसं? कारण कारखान्यात ती भोकं अगदी एका रेषेत पडत नाहीत, केसाएवढा फरक राहतोच. त्यामुळे प्लगला थोडासा पीळ दिला की सगळ्या पिना एकदम अडकत नाहीत, एकच अडकते. ती उचलून रेषेवर आणली की प्लग केसभर फिरतो आणि मग दुसरी अडकते. अशा एकेक करत चारही. या छंदाचं सगळं गुपित एवढंच आहे, तुम्ही ज्याला हरवता ती ही केसभराची चूक असते.

हत्यारं दोनच लागतात. एक पीळ द्यायची पट्टी, एल आकारात वाकवलेली, आणि एक हुक, म्हणजे टोकाशी हलकं वर वळलेली बारीक पट्टी. ऑनलाइन वीस-वीस नगांचे सेट मिळतात, त्यातले पंधरा तुम्ही कधी हातात घेणार नाही. मी स्वतः बनवले. पीळ द्यायच्या पट्टीसाठी गाडीच्या वायपरच्या रबरात ज्या दोन स्टीलच्या पट्ट्या असतात ना त्या एक नंबर, गॅरेजवाले जुने वायपर फेकूनच देतात, मागितले तर देतात. आणि आपल्या इंदूरची खास सोय सांगते, रात्री रस्ते झाडणाऱ्या मशीन फिरतात, त्यांच्या ब्रशचे चपटे स्टीलचे काडे कधीकधी तुटून रस्त्याच्या कडेला पडलेले असतात. सकाळी फिरायला जाताना मला असे तीन सापडले, धुऊन पक्कडीने वाकवले, आजही मी तेच वापरते. छान लवचिक पोलाद असतं.

हुक बनवायला हेक्सा ब्लेड, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीचं पातं घ्या. दाते घासून काढा, मग कानशीने आकार द्या. ग्राइंडर असेल तर डोळ्यांना चष्मा लावूनच, आणि दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवा, कारण पोलाद तापून निळं पडलं की त्याचा कडकपणा गेला, मग ते कुलपात वाकतं. शेवटी पॉलिश पेपर, आधी ४०० नंबर मग ८०० मग १२०० नंबर. ही पॉलिश दिसण्यासाठी नाही. खरखरीत हुक पिनेवर घासला की बोटाला जे बारीक जाणवायला हवं ते त्या खरखरीत हरवतं, त्यामुळे इथे कंटाळा करू नका, मी एका हुकला दोन संध्याकाळी दिल्या होत्या आणि त्याचं चीज झालं.

आता बसा. शांत वेळ निवडा, पंखा बंद असला तर बरं कारण आवाज खूप बारीक असतात. कुलूप डाव्या हातात असं धरा की किल्लीचं भोक तुमच्याकडे आणि पिना वरच्या अंगाला. पट्टी भोकाच्या खालच्या कडेला अडकवा आणि डाव्याच तर्जनीने किल्ली ज्या बाजूला फिरते त्या बाजूला दाब द्या. किती दाब? पापडाच्या कडेवर बोट ठेवलं आणि तो मोडला नाही, इतका. शंभरातले नव्वद जण इथेच अडतात, कुलूप उघडत नाही म्हणून जोर वाढवतात, आणि जोर वाढवला की सगळ्या पिना एकदम आवळल्या जातात, मग कुठली अडकलीये तेच कळत नाही. बोटाचं नख पांढरं पडत असेल तर तुम्ही खूप दाबताय. उघडत नसेल तर कमी करा, नेहमी कमी.

उजव्या हातात हुक पेन्सिलसारखा धरा, अगदी आत न्या आणि एकेक पिनेला खालून हलकेच वर ढकलून बघा. पिना चार तऱ्हेने बोलतात. पहिली तऱ्हा, नुसती स्प्रिंग, ढकललं की खाली-वर उसळते, तिला आत्ता सोडून द्या. दुसरी कडक, हलायला नकार देते, तीच अडकलेली, तीच आपली. तिला सावकाश, खरंच सावकाश वर न्या, एक टिक होते, कानाला कमी आणि बोटाला जास्त, आणि त्याच क्षणी डाव्या बोटाखाली पट्टी जरा सरकल्यासारखी वाटते. ही तिसरी तऱ्हा, बसलेली पिन. बसलेल्या पिनेला परत हात लावला तर ती किंचित ढिली लागते, स्प्रिंगचा जोर नसतो. मग पुढची कडक कुठली ते शोधा, ती शेजारचीच असेल असं नाही, कधी आधी चौथी अडकते, नंतर दुसरी, कशीही.

चौथी तऱ्हा म्हणजे जास्त वर गेलेली. खालची पिनसुद्धा रेषेच्या वर घुसते आणि मग ती दगडासारखी घट्ट, आणि बाकी कुठलीच पिन अडकत नाही. असं झालं तर रागाने सगळं सोडून देऊ नका. पट्टीवरचा दाब इतका हळू कमी करा की पिना एकेक करून पडताना टिक-टिक मोजता येतील. पहिली टिक बहुधा त्या जास्त गेलेल्या पिनेचीच असते, तिथेच थांबा, दाब परत द्या, बाकीच्या बसलेल्या तशाच राहतात. मला ही गोष्ट जमायला तीन आठवडे लागले आणि त्यानंतरच मी म्हणू शकले की मला येतं.

पहिल्यांदा उघडतं तेव्हा कडी उडून वर येते आणि दचकायलाच होतं. माझं उघडलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते, मी नवऱ्याला उठवून दाखवलं. पण ते पहिलं उघडणं बरेचदा नशिबाचं असतं. लगेच परत बंद करा आणि पुन्हा उघडा. ओळीने दहा वेळा उघडलं की मगच दुसरं कुलूप घ्या. एका छोट्या वहीत लिहून ठेवा, कुठल्या क्रमाने पिना अडकल्या, किती वेळ लागला. रोज वीस मिनिटं पुरे, बोटं दमली की काही जाणवत नाही.

रेकने, म्हणजे दातेरी टोकाच्या पट्टीने, भराभर आत-बाहेर घासून स्वस्त कुलपं चटकन उघडतात हे खरं आहे, करून बघा, पण त्याने हात तयार होत नाही. पारदर्शक प्लास्टिकचं सरावाचं कुलूप पण एकदा बघण्यापुरतं चांगलं, आतलं समजतं, पण डोळ्यांनी शिकलात की बोटं आळशी होतात. आणि कुलूप जड चालत असेल तर खोबरेल तेल घालू नका, घरोघरी घालतात आणि त्यात इंदूरची धूळ बसून आत चिखल होतो. पेन्सिलचं शिसं ब्लेडने तासून त्याची पूड घाला.

राजवाड्याजवळ एक चावीवाले काका बसायचे, त्यांच्यासमोर मी कितीदा अर्धा-अर्धा तास उभी राहिलेय. कोरी किल्ली दिव्यावर काळी करायची, कुलपात घालून पीळ द्यायचा, बाहेर काढून काजळीवर पिनांच्या खुणा बघायच्या, तेवढंच कानशीने घासायचं, परत घालायचं. किल्ली हळूहळू कुलपाकडूनच विचारून घेतल्यासारखी तयार होते. आपण करतो त्याच्या दहापट अवघड आहे ते.

कोणी विचारलंच की हे शिकून फायदा काय, तर १८५१ चं सांगा. लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्स नावाच्या अमेरिकन कुलूपवाल्याने चब कंपनीचं प्रसिद्ध कुलूप साक्षीदारांसमोर अर्ध्या तासाच्या आत उघडलं. मग ब्रामा कंपनीचं, जे कित्येक वर्षं दुकानाच्या खिडकीत ‘उघडेल त्याला २०० गिनी’ अशा पाटीसकट मांडलेलं होतं, ते सोळा दिवसांत मिळून ५१ तास खपून उघडलं. तोपर्यंत लोक त्या कुलपांवर डोळे मिटून विसंबून होते, त्यानंतर कुलपं बनवणाऱ्यांना सुधारायलाच लागलं.

पुढे चांगल्या कुलपांमध्ये एक नवीन गोष्ट भेटेल, त्याची तयारी ठेवा. प्लग अचानक बराच फिरतो, वाटतं उघडलं, आणि तिथेच अडतो. आत कमरेला बारीक असलेल्या, धाग्याच्या रिळासारख्या पिना असतात, त्या मुद्दाम फसवायला घातलेल्या. आता एकेक पिनेला हलकेच वर ढकला, एखादीला ढकलताच पट्टी तुमच्या बोटाला उलट ढकलेल. तीच रीळ. तिथे बोट सैल सोडा, पट्टीला मागे येऊ द्या, एखादी बसलेली पिन पडली तर पडू दे, परत बसवता येते.