चौथ्या शतकातील लहान रोमन कांस्य नाणे कसे ओळखावे

नखाएवढे, काळपट हिरवे नाणे हाती आले की ते चिंचेने किंवा पितांबरीने घासून लख्ख करण्याचा मोह होतो. तसे मुळीच करू नये, कारण झिजलेल्या अक्षरांचे उठाव बहुधा धातूवर जमलेल्या त्या हिरव्या थरातच टिकलेले असतात आणि आम्लाने तो थर विरघळला की नाणे कायमचे मुके होते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये ते भिजत ठेवावे, पाणी रोज बदलावे आणि सुटलेली माती मऊ ब्रशने काढून तेथेच थांबावे.

विदर्भात अशा नाण्याविषयी पहिली शंका सातवाहनांची घ्यावी. 1939 मध्ये तऱ्हाळा येथे सापडलेल्या साठ्यातील पोटीन (तांबे, कथील व शिसे यांचा मिश्रधातू) नाणीही अशीच लहान व काळपट आहेत. मात्र त्यांवर सोंड उंचावलेला हत्ती, ब्राह्मी अक्षरे आणि मागे उज्जैन चिन्ह (क्रॉसच्या चार टोकांना चार वर्तुळे) असते. रोमन नाण्यावर सम्राटाचा अर्धपुतळा, बहुधा उजवीकडे तोंड केलेला, आणि भोवती लॅटिन अक्षरे दिसतात.

त्यानंतर नागपूरच्या इतवारीतील एखाद्या सराफाकडून वजन करून घ्यावे. रोमन सम्राट डायोक्लेशियनने इ.स. 294 च्या सुमारास काढलेले नाणे सुमारे 10 ग्रॅमचे होते, ते 330 नंतर अडीच ग्रॅमच्या आसपास उतरले आणि शतकाच्या अखेरीस सर्वांत लहान नाणी जेमतेम ग्रॅमभराची उरली. हा उतार सरळ नाही, 348 मध्ये पुन्हा जड नाणी निघाली, म्हणून केवळ वजनावर निर्णय देऊ नये.

खरा उलगडा मागच्या बाजूने होतो. खिडकीतून तिरपा प्रकाश पडेल असे नाणे धरून भिंगाने पाहावे. दोन सैनिकांच्या मध्ये दोन ध्वज असतील तर काळ साधारण 330 ते 335 आणि एकच ध्वज असेल तर त्यानंतरची काही वर्षे. जुळ्या बाळांना पाजणारी लांडगीण 330 पासूनच्या रोम नगरीच्या नाण्यांवर येते, तर घोड्यासह कोसळलेल्या स्वाराला भाला मारणारा सैनिक 348 नंतरचा. चित्राखालच्या रेषेखाली टांकसाळीची अक्षरे असतात : 'एएनटी' म्हणजे अँटिओक, 'एएलई' म्हणजे अलेक्झांड्रिया, 'टीआर' म्हणजे ट्रिअर. ही अक्षरे धीराने वाचावीत, कारण नाणे नेमके कोठे पाडले हे तीच सांगतात.

नागपूरचा कोरडा उन्हाळा अशा नाण्यांना मानवतो, पावसाळा मात्र नाही. दमट हवेत क्लोराइडमुळे फिकट हिरवी भुकटी धरू लागते. टूथपिकने ती सहज निघत असेल तर ते नाणे लगेच वेगळे करावे. बाकीची नाणी सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावीत.

नाणे शेतात किंवा पाया खोदताना सापडले असेल तर 1878 च्या निखात निधी (जमिनीत पुरलेले धन) कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, आणि तोवर त्याला पाणीही लावू नये.