गावचा आरोग्य कारभार विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यातून कसा शिकवावा

समाजकार्याच्या किंवा नर्सिंगच्या विद्यार्थ्यांची क्षेत्रभेट बहुतेक वेळा प्राथमिक आरोग्य केंद्र पाहणे आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांचे मार्गदर्शन ऐकणे एवढ्यावरच आटोपते. अशा भेटीत सेवा दिसतात. त्या सेवांविषयी कोण ठरवते, पैसा कोठून येतो आणि हिशेब कोणाला द्यावा लागतो, हे मात्र दिसत नाही. ते शिकवायचे असेल, तर एका गावातील एकाच निर्णयाचा माग विद्यार्थ्यांकडून शेवटपर्यंत काढून घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

त्यासाठी ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती ही सर्वांत सोयीची जागा आहे. 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाल्यावर गावोगावी अशा समित्या स्थापन झाल्या आणि त्यांना वर्षाला 10,000 रुपयांपर्यंत अबंधित निधी, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे समितीने ठरवून खर्चायचा पैसा, देण्याची तरतूद झाली. रक्कम लहान असल्यामुळेच तिचा प्रत्येक रुपया विद्यार्थ्यांना तपासता येतो.

महाविद्यालयाचे पत्र ग्रामपंचायतीला आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना आधीच द्यावे, आणि एका गावात दोघांनाच पाठवावे. मोठा गट पाहिला की बैठकीचा समारंभ होतो. पहिले काम इतिवृत्ताची वही वाचण्याचे. बैठका किती अंतराने झाल्या, ठरावाची भाषा दरवेळी तीच आहे का, सगळ्या सह्या एकाच पेनाच्या आणि एकाच ओळीत आहेत का, की काही महिला सदस्यांच्या सह्या नंतर घरी जाऊन घेतल्यासारख्या वाटतात, हे बारकाईने पाहावे. मात्र त्यावरून लगेच निष्कर्ष काढू देऊ नये, कारण शेतीच्या हंगामात दुपारची बैठक मजुरीला गेलेल्या बाईला परवडत नाही, हे वहीत लिहिलेले नसते. ते समजण्यासाठी आशाताईंसोबत वस्तीवर जावे लागते.

त्यानंतर एक ठराव निवडावा. समजा, हातपंपाजवळील सांडपाण्याचा निचरा करण्याचे ठरले होते. तक्रार प्रथम कोणी केली, बैठकीत कोण बोलले आणि कोण गप्प राहिले, पावती कोणती, आणि आज तेथे पाणी साचते का, हे विद्यार्थ्यांनी जागेवर उभे राहून नोंदवावे. दलित किंवा आदिवासी वस्तीतील मागणी ठरावापर्यंत पोहोचलीच नसेल, तर तोही त्या नोंदीचा भाग असावा. माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा भाग होय. रुग्णांची नावे आणि आजार मात्र वहीत मुळीच उतरवू नयेत.

महाराष्ट्रात 2007 पासून काही जिल्ह्यांत राबवलेल्या लोकाधारित देखरेख प्रक्रियेत गावकऱ्यांनी स्वतः आरोग्यसेवांचे मूल्यमापन करून जनसुनवाईत अधिकाऱ्यांपुढे प्रश्न मांडले. गावात पाठवण्यापूर्वी वर्गात तिची ओळख करून दिल्यास, माहिती गोळा करणे आणि जाब विचारणे यांतील नाते विद्यार्थ्यांना उमगते.

अहवाल महाविद्यालयात सादर करण्यापूर्वी तो समितीच्या बैठकीत सोप्या मराठीत वाचून दाखवावा. सदस्यांनी घेतलेले आक्षेप त्यांच्याच शब्दांत जोडावेत, आणि गुणदान करताना विद्यार्थ्याने त्या आक्षेपांनंतर काय बदलले, याला स्वतंत्र गुण द्यावेत.