पूर ओसरला, आता विहिरीचं पाणी प्यायचं कधी?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा काठच्या कितीतरी विहिरी आणि बोअर पाण्याखाली होते. पूर उतरला की गाळ तळाला बसतो, पाणी नितळ दिसतं आणि लोक निर्धास्त पितात. घोटाळा इथंच होतो. मातीतून झिरपणारं पाणी थोडंफार गाळलं तरी जातं. विहिरीच्या तोंडातून आणि बोअरच्या केसिंगलगतच्या फटीतून मात्र शोषखड्ड्यांवरून, उकिरड्यावरून आलेलं पाणी थेट खाली उतरतं.

आधी विहीर उपसायची, पण पूर ओसरल्या ओसरल्या नको. भोवतालची जमीन तुडुंब असताना आतलं पाणी एकदम काढलं, तर बाहेरच्या दाबानं बांधकाम ढासळतं. पातळी उतरू द्या, मग थोडं थोडं उपसा. डिझेल इंजिन विहिरीत उतरवू नका, धुरानं माणूस गुदमरतो. बुडालेली मोटर, स्टार्टर वायरमनला दाखवल्याशिवाय चालू करू नये.

गाळ काढून कठडा घासला, नवं पाणी भरलं, की टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकायची. हिशेब सोपा आहे: व्यास × व्यास × पाण्याची खोली × ७८५, सगळं मीटरमध्ये, उत्तर लिटरमध्ये. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी म्हणजे साधारण २८ हजार लिटर. पुरानंतरच्या पहिल्या शुद्धीकरणाला हजार लिटरला १५० ग्रॅम, म्हणजे इथं सव्वाचार किलो. पावडर ताजी हवी. गेल्या वर्षीच्या उघड्या पुड्यात दम राहिलेला नसतो. नाकाला रुमाल बांधून ती बादलीत कालवा, दहा मिनिटं निवळू द्या, वरची निवळी तेवढी विहिरीत सोडा. खाली उरलेला चुना ओतू नका, पाणी उगाच जड होतं. रात्रभर ठेवून सकाळी वास जाईपर्यंत उपसा. बोअरचंही हेच: निवळी ओता, रात्र जाऊ द्या, मग वास जाईस्तोवर पंप चालवा.

त्यानंतर रोजच्या वापरासाठी हजार लिटरला अडीच ग्रॅम पुरे. तासाभरानं ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलं का याची चाचणी, करून घ्या. पिवळी झाक आली तर क्लोरीन टिकून आहे. तुरटीनं फक्त गढूळपणा जातो, जंतू नाही. खात्री होईपर्यंत पिण्याचं पाणी उकळूनच घ्या.

एक गोष्ट मात्र टीसीएलच्या आवाक्यातली नाही. शेतातून वाहून आलेलं खत आणि कीटकनाशक क्लोरीननं जात नाही. नायट्रेट तर उकळल्यानं उलट दाट होतं. लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट असलेल्या पाण्यात तान्ह्या बाळाची दुधाची पावडर कालवू नये. हे तपासायला भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना द्या. जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली तिथूनच आणा, घरची धुतलेली चालत नाही. महिन्याभरानं पुन्हा एक नमुना द्या, कारण खताचं पाणी सावकाश झिरपत येतं.