रिव्ह्यू वाचून तिकीट काढता? मग या चुका टाळा

वर्तमानपत्रात चार तारे पाहून आम्ही घरचे सात जण एका नव्या चित्रपटाला गेलो. सोबत आत्या आणि तिचा आठ वर्षांचा नातू. मध्यंतराच्या आधीच पोरगं आजीच्या पदरात तोंड लपवून बसलं. उरलेला चित्रपट आम्ही पाहिलाच नाही. घरी येऊन ते परीक्षण पुन्हा काढलं. तिसऱ्या परिच्छेदात स्वच्छ लिहिलं होतं की हाणामारी अंगावर येते, लहान मुलांना नेऊ नका. समीक्षकाने त्याचं काम चोख केलं होतं. आम्ही तारे मोजले आणि मजकूर सोडला.

तेव्हापासून मी नव्या चित्रपटांची परीक्षणं वाचण्याची पद्धत बदलली. माझ्या हातून झालेल्या आणि आजूबाजूला रोज दिसणाऱ्या चुका इथे लिहितोय.

ताऱ्यांवर थांबणं

तारा हा समीक्षकाने दिलेला निकाल, पण तुम्हाला हवा असतो तपशील. चित्रपट कशाबद्दल आहे, लय कशी आहे, कोणाला झेपेल, हे दोन-तीन वाक्यांत कुठेतरी लिहिलेलं असतंच. तीन ताऱ्यांचा साधा कौटुंबिक चित्रपट तुमच्या आईला साडेचार ताऱ्यांच्या सूडकथेपेक्षा जास्त आवडू शकतो, आणि त्यात ना आई चुकते ना समीक्षक.

मुलांना न्यायचं असेल तर परीक्षणाच्या आधी सेन्सॉरचं प्रमाणपत्र पाहा. आता यूए, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायचा चित्रपट, यातही 7+, 13+ आणि 16+ अशा पायऱ्या आहेत. तिकीट काढताना ते अक्षर समोर असतं, तरी आपली नजर सीटच्या रांगेवरच असते.

टक्के म्हणजे गुण समजणं

ही चूक सर्वात जास्त लोक करतात. समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावर एखाद्या इंग्रजी चित्रपटाला 95 टक्के दिसले की आपल्याला दहावीचा निकाल आठवतो. पण ते गुण नाहीत. किती टक्के समीक्षकांचं मत एकूण अनुकूल आहे, एवढंच तो आकडा सांगतो. अनुकूल म्हणजे किती अनुकूल, हे त्यात येत नाही.

एक हिशोब करून पाहा. पहिल्या चित्रपटाला दहा समीक्षकांनी 5 पैकी 3 तारे दिले. सगळ्यांचं म्हणणं, 'ठीक आहे, बघायला हरकत नाही.' दहाही मतं अनुकूल, म्हणून आकडा 100 टक्के. दुसऱ्या चित्रपटावर सात समीक्षक फिदा झाले, त्यांनी पाचपैकी पाच दिले. तिघांना तो अजिबात पटला नाही, त्यांनी दोन दिले. आकडा 70 टक्के. आता सरासरी काढा. पहिल्याची 3 आणि दुसऱ्याची 4.1. टक्के पाहून निवडलात तर हाती बेताचा चित्रपट लागतो आणि ज्यावर लोक भांडतायत तो हातचा जातो. मला विचाराल तर भांडण झालेला चित्रपट आधी पाहावा.

मेटाक्रिटिक या अशाच दुसऱ्या संकेतस्थळाचं गणित वेगळं आहे. तिथे प्रत्येक परीक्षणाला 0 ते 100 मध्ये गुण देऊन सरासरी काढतात, तीही काही समीक्षकांच्या मताला जास्त वजन देऊन. म्हणून एकाच चित्रपटाला एकीकडे 90 आणि दुसरीकडे 68 दिसू शकतात, आणि दोन्ही आकडे बरोबर असतात. आयएमडीबीचं रेटिंग तर समीक्षकांचं नाहीच, ती प्रेक्षकांची मतं. बुकमायशोवरचं रेटिंगही प्रेक्षकांचंच. मराठी चित्रपटाच्या बाबतीत परदेशी संकेतस्थळांवरची परीक्षणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात. तिथला टक्का पाहून आपला चित्रपट ठरवू नका.

पहिल्या दिवसाचा गलका आणि परीक्षण यांत गल्लत

शुक्रवारी सकाळी नऊच्या शोला मध्यंतरही झालेलं नसतं, तोवर मोबाइलवर 'मास्टरपीस' आणि 'डिझास्टर' दोन्ही येऊन पडतात. यातलं खरं मत कोणतं आणि ठरवून केलेली जाहिरात किंवा बदनामी कोणती?

मी तीन गोष्टी पाहतो. एखाद्या प्रसंगाचा, अभिनयाचा, संवादाचा नेमका उल्लेख आहे का? कौतुकात एखादी तरी उणीव आणि टीकेत एखादी तरी जमेची बाजू आहे का? आणि तेच शब्द, तेच हॅशटॅग दहा वेगळ्या खात्यांवर तर नाहीत ना? तिन्ही उत्तरं संशयाची आली तर ते मत मोजूच नका. अशा ठरवून केलेल्या बदनामीची तक्रार गंभीर आहे. केरळमध्ये 2023 मध्ये हे प्रकरण थेट उच्च न्यायालयात गेलं आणि प्रदर्शनानंतर पहिले 48 तास परीक्षणं थांबवावीत अशी सूचनाही पुढे आली. मला ती सूचना पटत नाही. गलक्याला आवर घालताना प्रामाणिक समीक्षकाचं तोंड बंद होतं आणि लहान चित्रपटाला मिळणारा एकमेव आधार जातो. मोठ्या चित्रपटाला फलक असतात, टीव्हीवरच्या मुलाखती असतात. लहान चित्रपटाला चार चांगली परीक्षणंच असतात.

गल्ला आणि मत एकाच तराजूत घालणं

'समीक्षकांनी झोडपला, तरी शंभर कोटी कमावले' असं म्हणून परीक्षणं निकालात काढणारे खूप भेटतात. 'शोले' 15 ऑगस्ट 1975 ला आला तेव्हा बऱ्याच समीक्षकांनी नाक मुरडलं होतं आणि सुरुवातीचा धंदाही थंड होता. पुढे तोच चित्रपट मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात पाच वर्षं चालला. यातून लोक 'समीक्षकांना काही कळत नाही' एवढंच घेतात. पण पहिल्या आठवड्यात गल्ल्याने दिलेला निकालही तेवढाच चुकला होता, हे विसरतात. पहिल्या आठवड्यातलं कोणतंच मत पक्कं धरू नये.

समीक्षकांचे शब्द न ओळखणं

'परीक्षण एवढं चांगलं होतं, आणि आम्हाला झोप आली.' ही तक्रार मी दर महिन्याला ऐकतो. बहुतेक वेळा उत्तर परीक्षणातल्याच एखाद्या शब्दात असतं.

'संयत' लिहिलं असेल तर पात्रं मोठ्याने रडणार नाहीत, पार्श्वसंगीत तुम्हाला रडवणार नाही. 'आपल्या लयीत उलगडतो' म्हणजे संथ आहे, तयारीने जा. 'उत्तरार्धात पकड सुटते' हे वाक्य जवळपास नेहमी खरं निघतं. 'वेगळा प्रयत्न' एवढंच लिहून पुढे कौतुक नसेल तर समीक्षकाला हेतू आवडला, चित्रपट नाही. 'अस्वस्थ करतो' असं असेल तर दिवसभर दमून आल्यावर रात्रीच्या शोला जाऊ नका, रविवारी दुपारी जा.

चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट' या मराठी चित्रपटाचं उदाहरण घ्या. व्हेनिसच्या महोत्सवात पुरस्कार, मग सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, आणि एप्रिल 2015 मध्ये चित्रपटगृहात. नाव ऐकून जोरदार उलटतपासणी आणि टाळ्यांचे संवाद अपेक्षिणारे लोक हिरमुसले. त्यात कॅमेरा एका जागी शांत उभा राहतो. वकील घरी जाऊन काय खातात, कुठे फिरतात हेही तो तेवढ्याच निवांतपणे दाखवतो. हे बहुतेक परीक्षणांत आलं होतं. ते वाचून गेलेल्याला तो संथपणाच भिडला, कारण तारखांवर तारखा पडणं म्हणजे काय असतं ते तो अनुभवायला लावतो.

एकाच समीक्षकाला सर्वज्ञ मानणं, किंवा सगळ्यांना मोडीत काढणं

तुमचा समीक्षक शोधायला एक संध्याकाळ पुरते. तुम्हाला मनापासून आवडलेले दोन आणि अजिबात न आवडलेला एक असे तीन चित्रपट निवडा. त्यांवर कोणी काय लिहिलं होतं ते वाचा. कोणाशी जुळतं हे लगेच कळतं. आणि ज्याच्याशी तुमचं दरवेळी उलटं पडतं त्यालाही सोडू नका. माझ्या वाचनात एक समीक्षक आहेत, त्यांना गाण्यांचा कंटाळा आहे. 'गाण्यांनी वेग मारला' असं त्यांनी लिहिलं की मी आवर्जून जातो, कारण मला गाणी हवीच असतात.

कथा आधी कळू नये असं वाटत असेल तर पहिला आणि शेवटचा परिच्छेद वाचून थांबा. मधला भाग पाहून आल्यावर वाचा. खरं तर परीक्षण तेव्हाच जास्त रंगतं.

मराठी चित्रपटासाठी वाट पाहत बसणं

वरच्या सगळ्या सूचना इथे थोड्या बदलतात. हिंदी किंवा इंग्रजी मोठा चित्रपट तीन आठवडे कुठे ना कुठे लागलेला असतो, त्यामुळे सोमवारपर्यंत मतं गोळा करायला वेळ मिळतो. मराठी चित्रपटाला तेवढी सवड मिळेलच असं नाही. 2015 मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपट दुपारी 12 ते रात्री 9 या वेळेत दाखवायला सांगितलं, तरी शहराबाहेर अनेकदा एखादाच शो मिळतो, तोही अडनिड्या वेळी. पहिल्या शनिवार-रविवारी खुर्च्या रिकाम्या दिसल्या की दुसऱ्या शुक्रवारी तो शो दुसऱ्याला जातो. जयंत सोमलकरांच्या 'स्थळ'ला टोरंटोच्या महोत्सवात पुरस्कार मिळाला 2023 मध्ये, आणि तो आपल्याकडे लागला मार्च 2025 मध्ये. इतका प्रवास करून आलेल्या चित्रपटाला आपण 'बघू, रिव्ह्यू येऊ देत' म्हणतो तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

म्हणून मराठी चित्रपटासाठी मी ट्रेलर आणि दिग्दर्शकाचं आधीचं काम पाहतो, महोत्सवात तो दाखवला गेला असेल तर तिथली परीक्षणं शोधतो. विश्वासातल्या एका समीक्षकाचं मत शुक्रवारी सकाळी वाचतो आणि शनिवारचं तिकीट काढतो. बाकीची परीक्षणं रविवारी, चहा घेताना.