देशोदेशीचे सुतार पुण्यात जमणार, त्याआधी करायची तयारी

सगळ्यात आधी लाकूड. पाहुण्यांची तिकिटं निघायच्याही आधी टिंबर मार्केटला जाऊन साग, आंबा, फणस आणि थोडी बाभूळ घेऊन ठेवा. मॉइश्चर मीटर लावून लाकडातली ओल बघा. आकडा १२ टक्क्यांच्या वर गेला तर फळ्यांमध्ये पट्ट्या घालून, सावलीत हवेशीर चळत रचा आणि वाट बघा. मेळावा दिवाळीनंतरच ठेवा, पावसाळ्यातल्या दमट हवेत जुळवलेला सांधा उन्हाळ्यात उघडा पडतो. शिसवाचा मोह मात्र आवरा. त्याची सगळी प्रजाती २०१७ पासून साइट्सच्या, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, त्यामुळे तयार वस्तू परदेशी न्यायची तर कागदपत्रं लागू शकतात.

वीज. आपल्याकडे २३० व्होल्ट, जपानमध्ये १००, अमेरिकेत १२०. तिकडची यंत्रं थेट लावली तर जळतील, म्हणून पुरेशा वॉटचे स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर भाड्यानं सांगून ठेवा. पाहुण्यांना आधीच कळवा की पटाश्या आणि करवती चेक-इन सामानात टाका, सुट्या लिथियम बॅटऱ्या मात्र हातातल्या बॅगेत ठेवा. १०० वॉट-तासांपुढच्या बॅटरीला विमान कंपनीची परवानगी लागते. ड्रिलची नेहमीची १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तासांची बॅटरी ९० वॉट-तासांची असते, म्हणजे ती चालते.

आता जागा. सगळीकडे उंच वर्कबेंच मांडू नका. आपले मिस्त्री जमिनीवर बसतात, फळी पायानं दाबून धरतात आणि दोन्ही हात मोकळे ठेवून काम करतात. जपानी सुतारही बसून काम करतो, आणि त्याची करवत आपल्याकडे ओढताना कापते. युरोपातला माणूस उभा राहून ढकलत कापतो. ही तीन अंगं एकाच वस्तूवर भेटावीत म्हणूनच हा सगळा खटाटोप, तेव्हा अर्धा मांडव जमिनीचा ठेवा. सतरंज्या नकोत, पाय घसरतात. साधी फरशी किंवा जाड प्लाय बरा. धार लावायच्या पाणदगडासाठी पाण्याची घमेली आणि तेलदगडासाठी वेगळा कोपरा हवा.

मिस्त्र्यांना मदतनीस म्हणून बोलावू नका, सहभागी म्हणूनच बोलावा. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आठवडाभर काम सोडून येणाऱ्या माणसाचा रोज बुडतो, तो आपल्या खर्चात पहिल्या ओळीत धरा आणि रोजच्या रोज हातात द्या. दुभाषा शोधताना इंग्रजी येणं पुरेसं नाही. पटाशी, रंधा, गुण्या, कुसू हे शब्द ज्याच्या ओळखीचे आहेत असाच हवा. वस्तू पूर्ण झाली की तिच्या पाठीवर सगळ्यांची नावं सारख्या अक्षरात कोरायची, हेही आधीच ठरवून टाका.

वस्तूंचे नकाशे आधी काढून ठेवू नका, काय करायचं ते सगळे जमल्यावर मिळून ठरू द्या. कॅनडात सस्कॅचेवानला एमा नावाचा असाच मेळा भरतो. तिथे वेगवेगळ्या माध्यमांतले कारागीर मिळून वस्तू करतात आणि नंतर त्यांचा लिलाव होतो. आपणही लाकडाच्या जोडीला तांबट आळीतला एखादा कारागीर बोलवावा. सागाच्या पेटीला ठोक्याच्या तांब्याचा पत्रा शोभेल. पहिल्या दिवशी विश्रामबागवाड्याचा कोरीव सागवानी दर्शनी भाग आणि केळकर संग्रहालयातले दरवाजे दाखवून आणा, बोलणं तिथूनच सुरू होईल. उघडण्याच्या वेळा आधी विचारून घ्या.

सांधे आवळून धरायचे क्लॅम्प वाटतात त्याच्या दुप्पट लागतात. मास्क एन-९५च आणा, कारण लाकडाची बारीक भुकटी कर्करोगकारक ठरलेली आहे. कानाला बोळे, प्रथमोपचाराची पेटी आणि जवळच्या दवाखान्याचा नंबर भिंतीवर हवा. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू देऊ नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. पाणी भरलेला झाकणाचा पत्र्याचा डबा त्यांच्यासाठी वेगळा ठेवा आणि रोज संध्याकाळी शेवटी निघणाऱ्यानं तो तपासायचा, कोणत्या दिवशी कोण ते मांडवाच्या खांबावर लिहून लावा.